एका कंत्राटदार घराण्याची कुळकथा

शीव या शब्दाचा अर्थ हद्द. मुंबईचें बेट जेथें संपतें आणि साष्टी जेथें सुरू होते त्या खाडीच्या कांठावरील वस्तीस हें नांव अगदीं यथार्थ शोभतें. शीव कोळीवाड्यांतील कोळी पिढ्यान् पिढ्या या खाडीच्या भरती-ओहोटीवर आपले दिवस मोजीत आले. परंतु शहराच्या दृष्टीनें या जागेचें महत्त्व निराळें आहे. मुंबईला बाहेरून जें जें हवें होतें, त्यांतील पुष्कळसें या हद्दीवरूनच आंत आलें. प्रथम रस्ता आला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या कारकीर्दींत, खाडीवर बांध घातला गेला व बेट साष्टीला जोडलें गेलें. नंतर आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ या दिवशीं बोरीबंदराहून निघालेली पहिली गाडी याच बाजूनें ठाण्यास गेली. शेवटीं पाणी आलें. दूरच्या तानसा तलावाचें पाणी वाहून आणणारे प्रचंड नळ साष्टी ओलांडून कुर्ला-शीवच्या अंगानेंच बेटाकडे वळले.

रस्ता, रूळ आणि नळ ही शहराची तिहेरी जीवनरेषा होय. या रेषा आंखणाऱ्या अभियंत्यांचीं नांवें अहवालांत सांपडतात. त्यांचा उद्घाटनसमारंभ करणाऱ्या गव्हर्नरांचीं नांवें दगडावर कोरलेलीं असतात. परंतु आंखलेली रेषा जमिनीवर प्रत्यक्ष उतरविणारा जो कंत्राटदार, त्याचें नांव लोकांच्या ओठांवर क्वचितच राहतें. तो काम संपवितो, सामान उचलतो व दुसऱ्या गांवीं निघून जातो. म्हणून हिंदी कंत्राटदारीचा इतिहास पाहावयाचा तर एखाद्या घराण्याचा धागा धरूनच तो पाहावा लागतो. महाराष्ट्रांत असें एक घराणें सोलापुरास होऊन गेलें. शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचें तें घराणें, आणि त्यांनीं उभारलेली संस्था म्हणजे हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी.

या संस्थेचें महत्त्व समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल. मुंबई-ठाणें लोहमार्गाचें काम फेव्हिएल आणि फाउलर या इंग्रज कंत्राटदारांनीं केलें. त्या काळीं मोठें काम म्हणजे विलायती कंत्राटदार, हें समीकरण जणूं ठरूनच गेलें होतें. जमशेटजी दोराबजी यांच्यासारख्या एखाद्या पारशी गृहस्थानें जी. आय. पी. रेल्वेचीं कांहीं कामें घेऊन तीं उत्तम रीतीनें पार पाडलीं; पण असे अपवाद बोटांवर मोजण्याइतकेच. हिंदी माणसानें माती उपसावी, खडी फोडावी, फार तर एखाद्या तुकडीचा मुकादम व्हावें. दर ठरविणारा, जोखीम पत्करणारा आणि नफा घेणारा मात्र साहेब असावा, अशी ही व्यवस्था होती.

या व्यवस्थेची खरी परीक्षा बोरघाटांत झाली. १८५६ सालीं तेथें कामास आरंभ झाला. पावणेसोळा मैलांच्या चढणींत मार्गास १,८३१ फूट उंची गांठावयाची होती; त्यासाठीं पंचवीस बोगदे फोडावयाचे व आठ मोठे पूल बांधावयाचे होते. कंत्राट फेव्हिएल यांजकडे होतें. १८५९ च्या जानेवारींत मजुरी थकल्यामुळें मजूर खवळले, दंगा झाला, आणि त्याच वर्षीं फेव्हिएल यांनीं हें काम सोडलें. त्यांच्या जागीं सॉलोमन ट्रेडवेल नांवाचे दुसरे कंत्राटदार विलायतेहून आले; पण घाटांत पाऊल ठेवून थोडेच दिवस झाले तोंच ते आजारी पडून मरण पावले. त्यांची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिनें कंत्राट सोडलें नाहीं. जाणत्या अभियंत्यांच्या हातीं कामाची देखरेख सोंपवून तिनें तें शेवटास नेलें. १८६१ च्या आरंभीं या घाटांत बेचाळीस हजार माणसें राबत होतीं. पटकी, हिंवताप, कोसळणारे कडे आणि सुरुंगाचे स्फोट यांत किती मेलीं याचा नीट हिशेब कोणीं ठेवला नाहीं. २१ एप्रिल १८६३ रोजीं मार्ग खुला झाला. इतकें होऊनही सर्वच काम निर्दोष उतरलें असें नाहीं; चारच वर्षांनीं, १८६७ च्या पावसाळ्यांत, घाटांतील एक मोठा दगडी पूल ढांसळला.

या हकीकतींतून कंत्राटदारीचें मर्म स्पष्ट दिसतें. कापसाचा व्यापारी माल पाहून भाव करतो. सावकार गहाण पाहून कर्ज देतो. कंत्राटदाराला मात्र डोंगराचें पोट पाहण्यापूर्वीं तें फोडण्याची किंमत सांगावी लागते. आंत काळा पाषाण निघेल कीं ठिसूळ मुरूम, झरा लागेल कीं पोकळी, हें टेंडरावर सही करतांना कोणालाच ठाऊक नसतें. त्यांतच कामाआधीं अनामत भरावी लागते, मजुरांना उचल द्यावी लागते, हत्यारें व दारू विकत आणावी लागते; आणि सरकारचें किंवा रेल्वेचें बिल मात्र मोजणी झाल्यावर, तेंही कांहीं रक्कम हातीं राखून, सावकाश मिळतें. म्हणजे या धंद्यांत तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: कामाच्या दरांचें सूक्ष्म ज्ञान, माणसें जमविण्याची व सांभाळण्याची हातोटी, आणि महिनोन् महिने थांबूं शकणारें भांडवल. हिंदी माणसांत पहिल्या दोन गोष्टी भरपूर होत्या. तिसरी दुसऱ्याच लोकांच्या तिजोरींत होती. या दोन टोकांची गांठ पडणें हीच हिंदी कंत्राटदारीच्या जन्माची वेळ होय.

ही गांठ सोलापूर जिल्ह्यांत पडली. दोशी हें सौराष्ट्रांतून येऊन सोलापुरास स्थायिक झालेलें गुजराती दिगंबर जैन घराणें. सावकारी व कापसाचा व्यापार हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. घराण्याचे कर्ते पुरुष शेठ हिराचंद नेमचंद हे केवळ व्यापारी नव्हते. 'जैनबोधक' हें मासिक चालवून आपल्या समाजांत शिक्षणाचा व सुधारणेचा प्रसार करणारे ते विचारवंत गृहस्थ होते. त्यांच्या पोटीं २३ नोव्हेंबर १८८२ रोजीं वालचंदांचा जन्म झाला. त्यांचें उच्च शिक्षण मुंबईस सेंट झेवियर व पुण्यास डेक्कन कॉलेजांत झालें; परंतु पदवी हातीं येण्यापूर्वींच त्यांना कॉलेज सोडून घरच्या पेढीवर बसावें लागलें. पेढीवर त्यांचें मन रमेना. व्याजाचे आंकडे वाढतांना पाहण्यापेक्षां एखादी वस्तु डोळ्यांदेखत उभी राहिलेली पाहावी, अशी त्यांची प्रकृतीच होती.

अशा वेळीं त्यांची भेट लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशीं झाली. फाटक हे पूर्वीं रेल्वेंत कारकून होते. रेल्वेच्या कचेरींत बसून कंत्राटदारांचीं बिलें पाहिलेला माणूस म्हणजे त्या धंद्याची चालती-बोलती दरसूचीच. एक ब्रास मातीस काय पडतें, एका मैलाच्या भरावास किती माणसें लागतात, साहेबाची मोजणी कोठें आंखडते व कोठें सैल पडते, हें सारें त्यांस माहीत. त्यांस नव्हती ती पत. वालचंदांच्या पाठीशीं घराण्याची पत होती. अशा रीतीनें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत 'फाटक-वालचंद' ही भागीदारी उभी राहिली. एक ब्राह्मण कारकून आणि एक जैन सावकारपुत्र यांची ही जोडी त्या काळच्या सोलापुरास थोडी नवलाचीच वाटली असेल. पण धंद्याच्या दृष्टीनें तिच्याइतकी नैसर्गिक जोडी दुसरी नव्हती.

त्यांचें पहिलें क्षेत्र बार्शी लाइट रेल्वे हें होतें. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यानें काढलेली ही अडीच फुटी रुंदीची छोटी रेल्वे १८९७ सालीं कुर्डुवाडीजवळून बार्शीपर्यंत धांवूं लागली व पुढें तिच्या शाखा वाढत गेल्या. येडशी ते तडवळे हा सुमारें सात मैलांचा टुकडा फाटक-वालचंद यांनीं बांधला. बोरघाटाच्या मानानें हें काम अगदींच किरकोळ; पण शिकावयास मिळालें तें याच शाळेंत. अशा कामांत खरा आधार वडार मंडळींचा. माती खणणें, दगड फोडणें, भराव घालणें हा त्यांचा वंशपरंपरेचा व्यवसाय. बायकामुलें, गाढवें आणि पालें घेऊन हा समाज एका कामावरून दुसऱ्या कामावर फिरत असे. त्यांचा हिशेब मुकादमामार्फत चाले. उचल घ्यावी, खड्डे मोजून द्यावे, उरलें तें पदरांत घ्यावें. मोजणीच्या वेळीं ठेकेदाराची नियत कळते असा अनुभव मजुरांना पिढ्यान् पिढ्या आलेला होता. मजुरी वेळेवर देणारा कंत्राटदार मजुरांस सोडीत नसे, आणि मजूरही त्यास सोडीत नसत. बोरघाटांतल्या १८५९ च्या दंग्याचा धडा तो हाच होता; भांडवलाचा पहिला उपयोग यंत्रें घेण्यांत नसून शनिवारचा पगार चुकूं न देण्यांत आहे.

पहिल्या महायुद्धानंतर कामांचा आकार एकदम वाढला. लहान भागीदारीच्या झोळींत मावणार नाहींत अशीं कंत्राटें निघूं लागलीं. १९२० सालीं वालचंदांनीं टाटांशीं हातमिळवणी केली व 'टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी' अस्तित्वांत आली. टाटांचें नांव, आणि कामाची सूत्रें वालचंदांच्या हातीं, असा तो योग होता. या कंपनीनें जीं कामें केलीं त्यांतील दोन मुंबईकरांना विशेष जवळचीं आहेत. एक तानशाच्या पाण्याचे मोठे नळ घालण्याचें आणि दुसरें बोरघाटांतील नव्या बोगद्यांचें.

तानसा तलाव १८९२ सालीं पुरा झाला होता; पण शहराची तहान धरणाहून वेगानें वाढत होती. सुमारें पन्नास-पंचावन्न मैलांवरून पाणी आणावयाचें तर नळ हेंच खरें धरण होय. एखादा सांधा गळला तरी डोंगरांत अडविलेलें पाणी खाडींत जावयाचें. अशा कामाची जबाबदारी हिंदी कंपनीवर सोंपविली जाणें ही वीस वर्षांपूर्वीं कल्पनेंतही न येणारी गोष्ट होती. दुसरें काम तर इतिहासाची परतफेड म्हणावें असें. मुंबई-पुणें मार्गावर विजेच्या गाड्या चालवावयाच्या म्हणून घाटांतील जुनी वाट सुधारण्याचें ठरलें. जुन्या वाटेवर चढतांना एके ठिकाणीं गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोंकास लावून, उलट दिशेनें पुढें न्यावी लागे. नवे बोगदे फोडून हा अडथळा १९२९ सालीं काढून टाकण्यांत आला आणि त्याच वर्षीं विजेची गाडी पुण्यास पोंचली. ज्या घाटांत सत्तर वर्षांपूर्वीं दोन विलायती कंत्राटदार हात टेकून गेले, त्याच घाटाचें पोट आतां एका सोलापूरकराच्या कंपनीनें फोडलें. इंग्रज अभियंते देखरेखीस होतेच. पण दर सांगणारा व जोखीम पत्करणारा माणूस आतां बदलला होता. पुढें सिंधु व इरावती या महानद्यांवरील पुलांचीं कामेंही वालचंदांच्या कंपन्यांनीं केलीं, आणि हिंदी कंत्राटदार हा आपल्या जिल्ह्यापुरता माणूस राहिला नाहीं.

या यशाच्या भरांतच २७ जानेवारी १९२६ रोजीं 'ईस्टर्न कन्स्ट्रक्शन कंपनी' स्थापन झाली. हीच पुढें 'हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी' झाली. नांवांतला हा पालट वरवरचा नव्हता. वालचंदांच्या सर्व उद्योगांमागें एकच आग्रह दिसतो: जें काम या देशांत होतें तें या देशाच्या माणसानें आपल्या नांवावर करावें. त्याच १९२६ सालीं त्यांनीं 'इंडियन ह्यूम पाइप कंपनी' काढली. सांचा वेगानें फिरवून त्याच्या आंतल्या अंगास काँक्रीट घट्ट बसविण्याची वॉल्टर ह्यूम या ऑस्ट्रेलियन गृहस्थाची ही युक्ति. बांधणाऱ्यानें बांधण्याचें साहित्यही आपणच बनवावें हा त्यांतील हेतु होता. जहाजें, साखर, विमानें व मोटारी यांचा त्यांचा इतिहास स्वतंत्र व मोठा आहे. १९१९ सालीं सिंदिया कंपनीचें 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून निघालें. १९४० सालीं बंगलोरास विमानांचा कारखाना निघाला. १९४१ सालीं विशाखापट्टणास जहाजबांधणीचा पाया घातला गेला. १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली व शीवच्या खाडीपलीकडे कुर्ल्यास तिचा कारखाना उभा राहिला. यांपैकीं विमानांचा व जहाजांचा कारखाना पुढें सरकारनें आपल्या हातीं घेतला. बांधकाम मात्र घराण्याकडेच राहिलें. झाडाच्या फांद्या कोणीं तोडल्या तरी मूळ जमिनींत राहावें, तसा हा प्रकार झाला.

८ एप्रिल १९५३ रोजीं वालचंदांचें निधन झालें. त्यांना अपत्य उरलें नव्हतें. परंतु गुलाबचंद, रतनचंद व लालचंद या बंधूंनीं कारभार पुढें चालविला. काळ बदलला होता. स्वातंत्र्यानंतर काम देणारा मालक म्हणजे पंचवार्षिक योजना आंखणारें आपलेंच सरकार झालें. परकी सत्तेपाशीं 'आम्हांसही काम द्या' असें मागणाऱ्या कंत्राटदारास आतां 'काम वेळेवर द्या' असें स्वकीयच बजावूं लागले. या नव्या परीक्षेंत कंपनीनें भरीव कामें केलीं. मुंबईच्या पाण्यासाठीं वैतरणेवर बांधलेलें धरण १९५४ सालीं पुरें झालें. शहराचे अभियंते मोडक यांच्या नांवानें त्याचा जलाशय मोडकसागर म्हणून ओळखला जातो. गंगेवरील फराक्का येथील सव्वादोन किलोमीटर लांबीचा बंधारा १९७५ सालीं कार्यान्वित झाला. केरळांत इडुक्की येथें दोन डोंगरांच्या खिंडींत सुमारें १६९ मीटर उंचीची, दोन्ही दिशांनीं वांकविलेली काँक्रीटची कमान उभी राहिली. १९७६ सालीं तिचें उद्घाटन झालें. दगड व चुना यांवर पोसलेली विद्या दोन पिढ्यांत येथवर आली होती.

मात्र घराण्याच्या संस्थेला घराण्याचेच रोग जडतात. वालचंदांच्या पश्चात् उद्योग भावाभावांच्या शाखांत विभागले गेले. मोटारींची, नळांची, साखर-यंत्रांची व बांधकामाची अशा निरनिराळ्या वाटा झाल्या. बांधकाम गुलाबचंदांच्या शाखेकडे आलें व पुढें त्यांचे पुत्र अजित गुलाबचंद यांनीं सूत्रें हातीं घेतलीं. ज्या मॅनेजिंग एजन्सीच्या पद्धतीनें एका पेढीस अनेक कंपन्यांचा कारभार चालवितां येई ती पद्धति १९७० सालीं कायद्यानें बंद झाली. घराण्याच्या पतीवर उभा असलेला धंदा आतां बँकांच्या कर्जावर व भागबाजाराच्या मर्जीवर उभा राहिला.

या पालटाचे दोन्ही परिणाम एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत पाहावयास मिळाले. वांद्रें ते वरळी हा ५.६ किलोमीटरांचा सागरी सेतु या कंपनीनें बांधला. १९९९ सालीं त्याची कोनशिला बसली व ३० जून २००९ रोजीं तो खुला झाला. अंदाजाहून खर्च व काळ दोन्ही पुष्कळ वाढले, पण काम उभें राहिलें. दुसरीकडे, मुळशीच्या डोंगरांत वरसगांव जलाशयाच्या कांठीं 'लवासा' हें सबंध नगरच वसविण्याचा बेत कंपनीच्या उपसंस्थेनें आंखला. १९२६ पासून दुसऱ्याच्या आंखणीवर बांधणारा येथें आपणच मालक झाला. २०१० च्या नोव्हेंबरांत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानें काम थांबविण्याची नोटीस दिली. पुढच्या वर्षीं सशर्त परवानगी मिळाली. परंतु कर्ज फिटलें नाहीं, आणि २०१८ सालीं लवासा कंपनीचें प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायासनापुढें गेलें. डोंगराच्या पोटांत काय आहे हें आधीं दिसत नाहीं, हा फाटकांच्या वेळचा नियम. डोंगराच्या पाठीवरही सर्व कांहीं दिसत नाहीं, एवढी त्यांत भर पडली.

या शंभर वर्षांच्या वाटचालींत घराण्यानें काय मिळविलें? संपत्ति मिळविली व घालविलीही. पण देशास मिळालें तें त्याहून टिकाऊ आहे. हिंदी माणूस मोठें काम अंगावर घेऊं शकतो कीं नाहीं, हा प्रश्न १८६३ सालीं खरोखरीच एक प्रश्न होता. १९२९ नंतर तो कोणीं विचारला नाहीं. त्या उत्तराची किंमत कारकुनाच्या वहीनें, सावकाराच्या तिजोरीनें आणि वडारांच्या पहारीनें मिळून भरली. पहिल्या दोघांचीं नांवें कंपनीच्या पाटीवर आलीं. तिसऱ्याचें नांव कोठेंही आलें नाहीं. घाटांतील बोगद्यांतून गाडी जातांना अंधार होतो, तेवढाच त्यांचा उल्लेख. मुंबईकर सकाळीं नळाची तोटी फिरवितो तेव्हां त्याच्या ओंजळींत येणारें पाणी अशाच अनेक अनाम हातांतून उतरत उतरत, शीवची हद्द ओलांडून आलेलें असतें.